मोठी एसयूव्ही, पण आराम कोणत्या आसनावर?

नवी दिल्ली : सात आसनांची मोठी एसयूव्ही घेणाऱ्या कुटुंबाची अपेक्षा साधी असते. रस्ता कसाही असो, सगळ्यांचा प्रवास सुखाचा व्हावा. गाडी घरी आल्यानंतर पहिल्या लांबच्या प्रवासात मात्र एकाच गाडीबद्दल एकाच घरात दोन मते तयार होतात. चालकाच्या आसनावरील व्यक्ती गाडीवर खूश असते, तर तिसऱ्या रांगेत बसलेले आजी-आजोबा मुक्कामी पोहोचल्यावर कंबर धरून उतरतात. गणपतीसाठी इंदूर, वडोदरा किंवा बेळगावहून कोकणात जाणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही.

ही दोन्ही मते खरी असतात. गाडीतील आराम हा इंजिनाच्या ताकदीसारखा एका आकड्यात मांडता येणारा गुण नाही. तो गाडीची रचना, भार, टायर, रस्ता आणि प्रवाशाची जागा यांवर ठरतो. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख क्वचितच नेमकेपणाने असतो. सुरक्षेसाठी देशात १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ची तारांकित श्रेणी लागू झाली. आराम आणि आवाज यांसाठी ग्राहकाला पाहता येईल अशी कोणतीही सरकारी श्रेणी नाही. त्यामुळे वीस-तीस लाख रुपयांचा निर्णय अनेकदा शोरूमपासून चार-पाच किलोमीटरच्या फेरीवर घेतला जातो.

दोन प्रकारच्या रचना

कराच्या नियमांत मोठ्या एसयूव्हीची ओळख मोजमापांवरून होते. १५०० सीसीपेक्षा मोठे इंजिन, ४ मीटरपेक्षा अधिक लांबी आणि रिकामी असताना जमिनीपासून १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उंची, असे ते निकष आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वाहनांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. मात्र प्रवासाचा अनुभव ठरवणारा फरक या निकषांत दिसत नाही. तो गाडीच्या सांगाड्यात असतो.

टोयोटा फॉर्च्युनर आणि महिंद्रा स्कॉर्पिओ-एन या गाड्या शिडीसारख्या पोलादी चौकटीवर बांधलेल्या आहेत. इंजिन, धुरे आणि चाके या चौकटीला जोडलेली असतात आणि प्रवाशांची केबिन रबरी आधारांवर तिच्यावर बसवलेली असते. महिंद्रा एक्सयूव्ही ७०० किंवा २०२१ मध्ये आलेली नवी टाटा सफारी यांत स्वतंत्र चौकट नाही. त्यांचे शरीर आणि सांगाडा एकच असतो. १९९८ मध्ये आलेली मूळ सफारी मात्र चौकटीवरची होती. इनोव्हाच्या बाबतीतही हेच घडले. क्रिस्टा चौकटीवर आहे, तर २०२२ मध्ये सादर झालेली हायक्रॉस अखंड रचनेची आहे. जुन्या पिढीवरून नव्या पिढीकडे वळलेल्या मालकांना नाव तेच असूनही गाडी वेगळी वाटते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

चौकटीच्या गाड्या मजबूत असतात आणि मोठा खड्डा निमूटपणे झेलतात. खराब रस्त्यावर त्यांच्या मालकांचा विश्वास टिकून राहतो तो यामुळेच. मात्र या गाड्यांमध्ये मागचा धुरा बहुधा एकसंध असतो. डावे चाक खड्ड्यात गेले की उजव्या चाकापर्यंत त्याचा परिणाम पोहोचतो. धुऱ्याचे वजनही अधिक असल्याने लहान लहान उंचवट्यांवर चाके पटकन स्थिरावत नाहीत. अखंड रचनेच्या बहुतेक गाड्यांना चारही चाकांची किंवा किमान पुढच्या दोन चाकांची हालचाल स्वतंत्र ठेवणारे सस्पेन्शन असते आणि महामार्गावर त्या अधिक स्थिर वाटतात.

गचका, हेलकावा आणि थरथर

‘गाडी आरामदायी नाही’ या एका वाक्यात मालक तीन वेगवेगळ्या तक्रारी सांगत असतात. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि एकीवरचा उपाय दुसरी वाढवू शकतो.

पहिली तक्रार गचक्याची. खड्डा, पुलाचा सांधा किंवा अरुंद गतिरोधक ओलांडताना बसणारा हा एकच तीव्र दणका असतो. स्प्रिंग कडक असेल, टायरची बाजू कमी उंचीची असेल किंवा टायरमध्ये हवा जास्त भरलेली असेल तर गचका थेट मणक्यापर्यंत पोहोचतो.

दुसरी तक्रार हेलकाव्याची. स्प्रिंगवर तोललेले गाडीचे शरीर साधारणपणे सेकंदाला १ ते १.५ वेळा वर-खाली होते. शॉक ॲब्झॉर्बरने ही हालचाल लगेच थांबवली नाही तर गाडी झोके घेत राहते. उंच गाडीत त्यात डाव्या-उजव्या झोक्याची भर पडते. गाडी ३ अंशांनी कलली आणि प्रवाशाचे डोके कलण्याच्या अक्षापासून एक मीटर उंचीवर असेल, तर डोके सुमारे ५ सेंटिमीटर बाजूला फेकले जाते. खराब रस्त्यावर हे मिनिटाला अनेकदा घडते आणि मान अवघडते. मुलांना गाडी लागण्यामागे मात्र याहून संथ हालचाल असते. सेकंदाला एका आवर्तनापेक्षाही कमी गतीचे दीर्घ झोके मळमळ वाढवतात. घाटातील वळणे आणि वारंवार लावलेले ब्रेक त्याला हातभार लावतात.

तिसरी तक्रार थरथरीची. रस्ता दिसायला चांगला असतो, गचका बसत नाही, तरीही आसन, स्टिअरिंग आणि पायाखालची फरशी सतत थरथरत राहते. चाकाची स्वतःची उसळी सेकंदाला १० ते १५ वेळा होते. जड चाके आणि जड धुरा असलेल्या गाडीत ती अधिक जाणवते. तासाभराच्या प्रवासात ही थरथर लक्षातही येत नाही. सहा तासांनंतर तीच थकवा बनून जाणवते.

हेलकावा रोखण्यासाठी शॉक ॲब्झॉर्बर कडक हवा, तर गचका सौम्य होण्यासाठी तो नरम हवा. अभियंत्यांपुढची ही जुनी अडचण आहे. जलद, छोट्या हादऱ्यांना नरम आणि संथ, मोठ्या हालचालींना कडक प्रतिसाद देणारे शॉक ॲब्झॉर्बर हा त्यावरचा एक मार्ग असून एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन आणि जीप कंपास यांसारख्या गाड्यांत तो वापरला गेला आहे. महागड्या विदेशी गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात. त्यांनी आराम वाढतो, पण वॉरंटी संपल्यानंतर दुरुस्तीचा खर्चही मोठा असतो.

तिसऱ्या रांगेचे दुखणे

चालक आणि त्याच्या शेजारची व्यक्ती दोन्ही धुऱ्यांच्या मधल्या भागात बसलेली असते. तिसऱ्या रांगेचे आसन बहुधा मागच्या धुऱ्याच्या वर किंवा त्याला अगदी लागून असते. मागचे चाक जितके उसळेल तितकी उसळी तिथे जवळजवळ पूर्ण जाणवते. त्यात या आसनाची गादी पातळ असते आणि फरशी उंच असल्याने गुडघे वर येतात. मांड्यांना आधार मिळत नाही आणि शरीराचा सगळा भार माकडहाडावर येतो. अशा अवस्थेत बसलेला गचका अधिक दुखावणारा ठरतो.

यात चालकाच्या एका सवयीची भर पडते. गतिरोधकावरून पुढची चाके उतरली की चालकाला अडथळा संपला असे वाटते आणि त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर जातो. मागची चाके त्यामुळे अधिक वेगाने गतिरोधकावर चढतात. पुढे बसलेल्यांना काहीच जाणवत नाही, मागचे मात्र आसनावरून उडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा, असा त्यामागचा हिशेब आहे. गावोगावी मात्र याहून कितीतरी अरुंद आणि टोकदार उंचवटे आढळतात. मागची चाकेही उतरेपर्यंत वेग न वाढवणे, हा तिसऱ्या रांगेतील प्रवाशांसाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे.

भरलेली गाडी नरम का वाटते?

‘एकटे असताना गाडी उड्या मारते, सगळे बसले की छान चालते,’ असे अनेक मालक सांगतात. हा भ्रम नाही. सात माणसे आणि सामान पेलता यावे यासाठी मागच्या स्प्रिंग पुरेशा कडक ठेवाव्या लागतात. गाडी रिकामी असली की त्याच स्प्रिंगवर भार कमी पडतो आणि त्या छोट्या खड्ड्यांवर पुरेशा दबत नाहीत. मागच्या स्प्रिंगवरचा भार ८०० किलोवरून १२०० किलो झाला, तर गाडीच्या वर-खाली होण्याची गती सुमारे १८ टक्क्यांनी मंदावते आणि तीच गाडी अधिक नरम वाटते.

त्यामुळे रोज एकट्याने शहरात गाडी चालवणारा आणि वर्षातून चार वेळा सहकुटुंब गावी जाणारा, हे दोघे एकाच गाडीबद्दल वेगवेगळे बोलणारच. चाचणी फेरीत बहुधा विक्री प्रतिनिधी आणि ग्राहक असे दोघे-तिघेच असतात. त्यावरून भरलेल्या गाडीचाही अंदाज येत नाही आणि तिसऱ्या रांगेचाही नाही.

टायर आणि हवा

एकाच गाडीच्या दोन आवृत्त्यांमध्ये आरामाचा फरक पडण्याचे प्रमुख कारण चाकांचा आकार हे असते. २३५/६५ आर १७ या टायरच्या बाजूची उंची सुमारे १५३ मिलिमीटर असते. २३५/६० आर १८ मध्ये ती १४१ मिलिमीटर होते आणि २४५/५५ आर १९ मध्ये सुमारे १३५. खड्ड्याचा पहिला मार टायरच्या याच भागातील हवा आणि रबर झेलते. चाके मोठी झाली की गाडी रुबाबदार दिसते, पण गाडीची ही पहिली गादी पातळ होते. वरच्या आवृत्तीसाठी दोन-तीन लाख अधिक मोजणाऱ्या ग्राहकाला कधी कधी खालच्या आवृत्तीपेक्षा कडक प्रवास पदरात पडतो, तो असा.

हवेच्या दाबाकडे होणारे दुर्लक्ष याहून सर्रास आढळते. बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळील खांबावर दाबाची सूचना चिकटवलेली असते. बहुतेक ठिकाणी कमी आणि पूर्ण भारासाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. पंपावर ‘मोठी गाडी आहे’ म्हणून सरसकट ४० पीएसआय हवा भरली जाते आणि मालक महिनोन्महिने कडक सस्पेन्शनची तक्रार करत राहतो. आरामासाठी दाब सूचनेपेक्षा खाली नेणेही तितकेच चुकीचे आहे. वेगात कमी हवेचा टायर तापतो आणि फुटू शकतो. दाब नेहमी टायर थंड असताना तपासावा.

आवाज कुठून येतो?

केबिनमधील आवाजाचे तीन मुख्य स्रोत आहेत : इंजिन, टायर आणि वारा. वेगानुसार त्यांचे महत्त्व बदलते.

गाडी उभी असताना किंवा शहरातील संथ वाहतुकीत डिझेल इंजिन ठळकपणे ऐकू येते. डिझेल इंजिनात इंधन ठिणगीविना, दाबामुळे पेटते. दाब एकदम वाढतो आणि ‘टकटक’ आवाज होतो. आधुनिक इंजिनांत मुख्य फवाऱ्याआधी इंधनाचा अल्प फवारा सोडून तो पुष्कळ कमी केला जातो. तरीही एक विशिष्ट घुमणारा आवाज उरतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे ६७ स्पंदने निर्माण होतात. मोठ्या, चौकोनी केबिनमधील हवा अशा खर्जातील आवाजाला साथ देते आणि कानावर दडपण आल्यासारखे वाटते. गिअर बदलून इंजिनाची गती थोडी बदलली की तो नाहीसा होतो.

ताशी ५० किलोमीटरच्या पुढे टायरचा आवाज वरचढ होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि ग्रेटर नोएडा ते आग्रा हा यमुना द्रुतगती मार्ग सिमेंट काँक्रीटचे आहेत. डांबराच्या तुलनेत काँक्रीटचा पृष्ठभाग कठीण असतो आणि पावसात पकड राहावी म्हणून त्यावर बारीक रेषा उमटवलेल्या असतात. त्यामुळे तीच गाडी डांबरी रस्त्यावर शांत आणि काँक्रीटवर गोंगाटाची वाटते. खडबडीत रस्त्यांसाठी बनवलेले खोल नक्षीचे टायर हौसेने बसवणाऱ्यांच्या गाडीत हा आवाज आणखी वाढतो. टायरच्या बाह्य आवाजाची मर्यादा ठरवणारे निकष देशात २०२२ च्या अधिसूचनेने लागू झाले, मात्र ते केबिनमधील शांततेची हमी देत नाहीत.

ताशी १०० किलोमीटरच्या पुढे वारा बोलू लागतो. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याच्या आवाजाची पातळी सुमारे १५ ते १८ डेसिबलने वाढू शकते. दर १० डेसिबलच्या वाढीला आवाज साधारण दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटतो. उंच, सरळ पुढची काच, मोठे आरसे आणि छतावरील सामानाचे कठडे असलेल्या गाडीत हा फरक लवकर जाणवतो. दारांच्या रबरी पट्ट्या सैल झाल्या तर त्यात शिट्टीसारखा आवाज मिसळतो.

विद्युत एसयूव्हीत इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून ती पूर्ण शांत असेल असा समज आहे. प्रत्यक्षात इंजिनाच्या आवाजाआड दडणारी टायरची घरघर, वाऱ्याचा आवाज आणि प्लॅस्टिकच्या भागांची कुरकुर तिथे अधिक स्पष्ट ऐकू येते. बॅटरीचे काही शे किलो वजन पेलण्यासाठी स्प्रिंगही कडक ठेवाव्या लागतात.

शांत केबिनची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. आवाज कमी झाला की वेगाची जाणीवही कमी होते. ताशी १२० किलोमीटरचा वेग ८० सारखा भासतो. अशा गाडीत नजर वेगदर्शकावर अधिक वेळा जायला हवी.

प्रश्न केवळ सुखाचा नाही

मानवी शरीर सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते, असे कंपनांच्या मोजमापाचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २६३१ मानते. काँक्रीटच्या रस्त्यावरील सांधे सुमारे साडेचार मीटर अंतरावर असतील आणि गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर चाके सेकंदाला सहा वेळा सांध्यांवरून जातात. म्हणजेच सांधे खचलेले असतील तर हादऱ्यांची गती नेमकी शरीराला नको असलेल्या पट्ट्यात पडते. कंबरेचे जुने दुखणे असलेल्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या रस्त्यावरही त्रास का होतो, याचे एक उत्तर येथे मिळते. वेग थोडा कमी-जास्त केला की त्रास बदलतो, हा अनेक चालकांचा अनुभवही त्याच्याशी जुळतो.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये १५ स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात ४ ते ७ हर्ट्झच्या संथ, सततच्या कंपनांमुळे १५ मिनिटांतच गुंगीची लक्षणे दिसू लागल्याचे आढळले. प्रयोग लहान होता, पण त्याचा रोख महत्त्वाचा आहे. समृद्धीसारख्या सरळ, लांब मार्गावर थरथर आणि एकसुरी घरघर चालकाला नकळत थकवते. दर दोन तासांनी थांबण्याचा सल्ला म्हणूनच मोठ्या, आरामदायी गाडीलाही तितकाच लागू आहे.

तक्रार टिकेल केव्हा?

‘हे या मॉडेलचे वैशिष्ट्यच आहे,’ हे उत्तर सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकलेले मालक थोडेथोडके नाहीत. कडक प्रवास हा रचनेचा भाग असू शकतो आणि तसा असेल तर तो दोष ठरवणे कठीण असते. मात्र एका बाजूने येणारी खडखड, वळणावर बदलणारी चाकाच्या बेअरिंगची घरघर, तेल गळणारा शॉक ॲब्झॉर्बर किंवा विशिष्ट वेगाला स्टिअरिंगला येणारी थरथर हे दोष आहेत आणि वॉरंटीच्या अटींनुसार त्यांची दुरुस्ती मागता येते.

तक्रार करण्याआधी मागची आसने नीट अडकली आहेत का, जॅक आणि पाने सैल नाहीत ना, सीट बेल्टची कडी प्लॅस्टिकवर आपटत नाही ना, हे पाहावे. बरीचशी कुरकुर तिथेच सापडते. त्यानंतर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने तुलना करून दाखवण्याची मागणी करावी. तक्रार प्रत्येक वेळी जॉब कार्डावर स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी आणि त्याची प्रत जपून ठेवावी.

प्रश्न सुटला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे आणि त्याहून अधिक पण २ कोटींपर्यंत असेल तर राज्य आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. निर्मितीतील दोष सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो आणि तारखांसह असलेली जॉब कार्डे हा त्यातील पहिला पुरावा ठरतो.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

खरेदीआधीची एक नीट चाचणी यापैकी बराच मनस्ताप वाचवू शकते. घरातील ज्या व्यक्तींना कंबर, मान किंवा गाडी लागण्याचा त्रास आहे, त्यांना सोबत न्यावे आणि निम्मा वेळ मागच्या आसनांवर बसवावे. गाडी शक्यतो भरलेली असावी. रस्ता विक्री प्रतिनिधीने निवडलेला नसावा, तर रोजच्या वापरातला, खड्डे आणि गतिरोधक असलेला असावा. काही अंतर महामार्गाच्या वेगाने, रेडिओ आणि वातानुकूलन यंत्र बंद ठेवून जावे. पहिल्या आणि तिसऱ्या रांगेतील व्यक्तींना आवाज न चढवता एकमेकांशी बोलता येते का, ही आवाजाची सोपी परीक्षा आहे. निघण्यापूर्वी टायरमधील हवेचा दाब सूचनेप्रमाणे आहे का, हे पाहावे. जी आवृत्ती घ्यायची त्याच चाकांच्या आकाराची गाडी मागावी.

एवढे करूनही सर्व निकषांवर उत्तम ठरेल अशी गाडी मिळेलच असे नाही. जिचे बहुतेक आयुष्य ग्रामीण रस्त्यांवर जाणार आहे, तिच्यासाठी चौकटीची रचना योग्य ठरू शकते. महामार्गावर वृद्धांना घेऊन जायचे असेल तर अखंड रचना आणि लहान चाके अधिक सोयीची ठरतील. निर्णय कोणताही असो, तो घेण्यापूर्वी मागून उतरणाऱ्या माणसाला कसे वाटले, हे विचारलेले असावे.